फोटोचे तुकडे सरकत येतात आणि चित्र पूर्ण होतं. व्हिडिओतला ‘जिगसॉ पझल’ इफेक्ट कसा तयार करतात?

रील स्क्रोल करताना हा प्रकार तुम्हीही पाहिला असेल. स्क्रीन रिकामी असते. एका बाजूने फोटोचा तुकडा सरकत येतो. मग दुसरा, तिसरा. ‘खट् खट्’ करत ते एकमेकांत अडकतात. चेहरा कोणाचा हे अजून कळत नाही, म्हणून आपण थांबतो. शेवटचा तुकडा बसतो आणि लक्षात येतं, अरे, हा तर आजी-आजोबांच्या लग्नातला फोटो!

तीन सेकंदांचा हा खेळ. पण त्या तीन सेकंदांत अंगठा थांबतो आणि आजच्या सोशल मीडियावर तेवढं पुष्कळ झालं.

लग्नाचा वाढदिवस, शाळेचं गेट-टुगेदर, नव्या दुकानाचं उद्घाटन, निवृत्तीचा कार्यक्रम, अशा अनेक व्हिडिओंत हा इफेक्ट वापरला जातो. बरेच जण त्यासाठी ॲपमधलं तयार टेम्प्लेट शोधतात. टेम्प्लेट मिळतंही. पण त्यात फोटोवरची रेषा नेमकी आईच्या डोळ्यांवरून जाते आणि शेवटी येतो तो मागच्या पडद्याचा तुकडा. सगळी गंमत तिथेच संपते.

हा इफेक्ट स्वतः तयार करणं फारसं अवघड नाही आणि त्यासाठी पैसेही मोजावे लागत नाहीत. फक्त त्यामागची युक्ती समजून घ्यावी लागते.

हा इफेक्ट नेमका काम कसा करतो?

पहिला गैरसमज असा, की यात फोटो कापून त्याचे तुकडे केले जातात. प्रत्यक्षात तसं होत नाही.

समजा तुम्हाला १२ तुकड्यांचं पझल हवंय. तर एडिटिंगमध्ये फोटोच्या १२ पूर्ण प्रती एकावर एक ठेवल्या जातात. प्रत्येक प्रतीवर एक झाकण असतं आणि त्या झाकणाला एकाच तुकड्याच्या आकाराची खिडकी असते. पहिल्या प्रतीत डावा वरचा कोपरा दिसतो, बाकी सगळं पारदर्शक. दुसऱ्या प्रतीत त्याच्या शेजारचा भाग दिसतो. या झाकणाला एडिटिंगच्या भाषेत ‘मास्क’ म्हणतात.

याचा फायदा मोठा आहे. १२ ही प्रती मूळ फोटोच्याच मापाच्या असल्यामुळे त्या एकावर एक ठेवल्या की चित्र आपोआप जुळतं. कुठलाही तुकडा हाताने सरकवून नेमका बसवायची गरज पडत नाही.

दुसरी युक्ती त्याहून महत्त्वाची. हे ॲनिमेशन शेवटाकडून सुरुवातीकडे करायचं असतं. बघणाऱ्याला वाटतं की तुकडे आधी विखुरलेले होते आणि मग जुळले. करणारा मात्र आधी जुळलेलं चित्र ठेवतो, ‘इथे पोहोचायचं आहे’ अशी खूण करतो आणि मग मागे जाऊन प्रत्येक तुकडा स्क्रीनबाहेर नेऊन ठेवतो. मधला प्रवास सॉफ्टवेअर भरून काढतं.

नवशिके नेमकं उलट करतात. आधी तुकडे विखुरतात आणि मग एकेक जागेवर आणायला जातात. मग कुठे दोन पिक्सेलची फट राहते, कुठे तुकडा दुसऱ्यावर चढतो आणि तासभर घालवूनही चित्र वाकडंच दिसतं.

हा खेळ आला कुठून?

जिगसॉ पझलचा इतिहास सांगताना लंडनच्या जॉन स्पिल्सबरी यांचं नाव हमखास येतं. ते नकाशे कोरणारे कारागीर होते. १७६० च्या दशकात त्यांनी नकाशे लाकडी फळीवर चिकटवले आणि देशांच्या सीमेवरून फळी कापली. मुलांनी तुकडे जुळवत भूगोल शिकावा, हा त्यामागचा हेतू.

‘जिगसॉ’ हे नक्षीकाम कापायच्या करवतीचं नाव. ते या खेळाला बऱ्याच नंतर चिकटलं. एकमेकांत अडकणारे, गोल कान असलेले आजचे तुकडेही नंतरच रूढ झाले.

या इतिहासात आजच्या एडिटरच्या कामाची एक गोष्ट आहे. स्पिल्सबरी यांनी फळी कुठूनही कापली नाही. जिथे अर्थ बदलतो, म्हणजे एक देश संपून दुसरा सुरू होतो, तिथेच कापली. फोटोवर रेषा आखतानाही हाच विचार उपयोगी पडतो.

तयारीसाठी काय लागेल?

दोन सॉफ्टवेअर लागतात. एक फोटोचे तुकडे करण्यासाठी, दुसरं ते हलवण्यासाठी.

तुकड्यांसाठी ‘गिंप’ हे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात जिगसॉच्या रेषा आखणारं फिल्टर आधीपासूनच असतं.

व्हिडिओसाठी ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीच्या ‘डाविंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती चालते. तिला बऱ्यापैकी ताकदीचा कॉम्प्युटर लागतो. तुमचा लॅपटॉप जुना असेल तर ‘केडेनलाइव्ह’ किंवा ‘शॉटकट’ घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि पद्धत सगळीकडे तीच आहे.

महागड्या सॉफ्टवेअरचं ‘क्रॅक’ डाउनलोड करायच्या फंदात मात्र पडू नका. अशा फायलींतून व्हायरस येण्याचा धोका असतो आणि या इफेक्टसाठी त्यांची गरजही नाही.

आता एक उदाहरण घेऊन संपूर्ण कृती पाहू. उभी रील, माप १०८० बाय १९२० पिक्सेल, आडवे ३ आणि उभे ४ असे एकूण १२ तुकडे. म्हणजे प्रत्येक तुकडा साधारण ३६० बाय ४८० पिक्सेलचा.

पायरी १ : शेवटचा तुकडा आधी ठरवा

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी फोटोकडे नीट बघा. यात सगळ्यात महत्त्वाचं काय आहे? आजीचा चेहरा? दोघांचे हात? दुकानाची पाटी? ते ज्या चौकटीत येतं, तोच तुमचा शेवटचा तुकडा.

मग फोटो असा क्रॉप करा की तो चेहरा शक्यतो एका चौकटीत मावेल. रेषा डोळ्यांवरून किंवा ओठांवरून जाऊ देऊ नका. ग्रुप फोटोत सगळ्यांचे चेहरे वाचवता येत नाहीत, पण ज्याच्यासाठी व्हिडिओ आहे त्याचा नक्की वाचवता येतो.

शेवटचा तुकडा अगदी तळाशी किंवा उजव्या कडेला नको. रीलमध्ये तिथे नाव, कॅप्शन आणि लाइकची बटणं येतात. तुमचा सगळ्यात मोलाचा क्षण त्यांच्याआड जाईल.

क्रॉप झाल्यावर फोटोचं माप बरोबर १०८० बाय १९२० करा. हे माप नंतर बदलू नका.

पायरी २ : रेषा आखा

गिंपमध्ये फोटो उघडा आणि त्यावर एक नवा, पूर्ण पांढरा लेअर घ्या. तो निवडून ‘फिल्टर्स’, मग ‘रेंडर’, मग ‘पॅटर्न’ आणि त्यात ‘जिगसॉ’ असं जा. आवृत्तीनुसार मेनूची जागा थोडी इकडेतिकडे असू शकते.

समोर आलेल्या चौकटीत आडवे तुकडे ३, उभे तुकडे ४ असं भरा. शैली ‘कर्व्ह्ड’ निवडली की गोल कान असलेले तुकडे मिळतात. ‘बेव्हल’ शक्य तितका कमी ठेवा, म्हणजे रेषा स्वच्छ राहतील.

पर्याय फिकट दिसत असेल, निवडताच येत नसेल, तर ‘इमेज’ मेनूतल्या ‘मोड’मध्ये जाऊन ‘आरजीबी’ निवडा.

थेट फोटोवरच हे फिल्टर लावायचा मोह होईल. तसं केलं तर काळ्या रेषा फोटोतच उमटतील आणि शेवटी पूर्ण झालेलं चित्रही चिरलेलं दिसेल. म्हणून वेगळा पांढरा लेअर.

पायरी ३ : बारा खिडक्या तयार करा

हे काम थोडं कंटाळवाणं आहे, पण एकदाच करावं लागतं.

फोटोच्या लेअरच्या १२ प्रती करा. मग रेषांच्या लेअरवर जाऊन ‘फझी सिलेक्ट’ टूलने, म्हणजे जादूच्या कांडीने, पहिल्या तुकड्याच्या आत क्लिक करा. तुकड्याभोवती हलती तुटक रेषा दिसेल.

आता ‘सिलेक्ट’ मेनूतल्या ‘ग्रो’ पर्यायाने ही निवड १ किंवा २ पिक्सेलने वाढवा. ही छोटी गोष्ट विसरली तर काळ्या रेषेच्या जाडीएवढी जागा कुठल्याच तुकड्यात येत नाही आणि जुळलेल्या चित्रात फटी दिसतात. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथेच.

निवड तशीच ठेवून फोटोच्या पहिल्या प्रतीवर जा. ‘लेअर’, ‘मास्क’, ‘ॲड लेअर मास्क’ असं करत ‘सिलेक्शन’ निवडा. पहिली खिडकी तयार. पुढच्या तुकड्यासाठी पुढची प्रत, असं बारा वेळा करा.

शेवटी बाकीचे सगळे लेअर लपवून एकेक तुकडा ‘पीएनजी’ म्हणून एक्स्पोर्ट करा. ‘जेपीजी’ चालणार नाही, कारण त्यात पारदर्शकता टिकत नाही. रिकाम्या जागी रंग भरला जातो. रेषांचा पांढरा लेअरही एक वेगळी फाइल म्हणून ठेवा. तो पुढे लागेल.

फायलींना १, २, ३ असे ओळीने आकडे देऊ नका. डाविंची रिझॉल्व्ह अशा फायली एकाच व्हिडिओच्या फ्रेम समजतो आणि १२ तुकड्यांऐवजी एकच क्लिप दाखवतो. ‘वर-डावा’, ‘वर-मधला’ अशी नावं द्या. आकडेच हवे असतील तर मीडिया पेजवर ‘फ्रेम डिस्प्ले मोड’ हा पर्याय ‘इंडिव्हिज्युअल’ करावा लागतो.

पायरी ४ : टाइमलाइनवर थर रचा

रिझॉल्व्हमध्ये नवा प्रोजेक्ट घेऊन टाइमलाइनचं माप १०८० बाय १९२० आणि वेग सेकंदाला ३० फ्रेम ठेवा.

सगळ्यात खालच्या ट्रॅकवर रेषांचा पांढरा लेअर टाका आणि तो थोडा अंधुक करा. यामुळे बघणाऱ्याला सुरुवातीपासून रिकामा पाट दिसतो. तुकडा कुठे बसणार, याचा अंदाज तो मनात बांधू लागतो. पझलची मजा त्या अंदाजातच आहे.

त्यावर १२ ट्रॅक आणि प्रत्येकावर एक तुकडा. सगळे तुकडे एकाच वेळी सुरू होतील असे ठेवा. प्रत्येकाची लांबी ६ सेकंद करा. या क्षणी स्क्रीनवर पूर्ण फोटो दिसायला हवा. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका. एखादा तुकडा राहिलाय किंवा माप चुकलंय.

पायरी ५ : शेवटाकडून सुरुवात

आता ती दुसरी युक्ती.

पहिला तुकडा निवडा, क्लिपच्या सुरुवातीपासून १२ व्या फ्रेमवर जा. ‘इन्स्पेक्टर’मध्ये ‘पोझिशन’समोर एक छोटा चौकट आकाराचा हिरा दिसतो. त्यावर क्लिक करा. आकडे शून्यच असू द्या. याला ‘कीफ्रेम’ म्हणतात. सॉफ्टवेअरला तुम्ही सांगितलंत, की या क्षणी तुकडा आपल्या जागेवर हवा.

आता क्लिपच्या पहिल्या फ्रेमवर मागे जा आणि पोझिशन बदलून तुकडा स्क्रीनबाहेर न्या. दुसरी कीफ्रेम आपोआप लागते.

आपल्या मापासाठी सोपे आकडे असे: डावीकडच्या तुकड्यांना आडव्या पोझिशनमध्ये उणे ६००, उजवीकडच्यांना अधिक ६००. मधल्या रांगेतल्या वरच्या दोघांना उभ्या पोझिशनमध्ये अधिक १२०० आणि खालच्या दोघांना उणे १२००. एवढ्याने ते पूर्णपणे नजरेआड जातात.

प्रत्येक तुकड्यासाठी सगळं पुन्हा करायची गरज नाही. पहिली क्लिप कॉपी करून बाकीच्यांवर ‘पेस्ट ॲट्रिब्यूट्स’ने पोझिशन चिकटवा. पोहोचण्याची जागा सगळ्यांची शून्यच आहे. फक्त सुरुवातीचे आकडे बदलायचे.

पायरी ६ : जिना करा

आत्ता प्ले केलं तर बाराही तुकडे एकदम येतील. ते चांगलं दिसत नाही. डोळ्याला कुठे बघावं कळत नाही.

म्हणून टाइमलाइनवर प्रत्येक क्लिप आधीच्या क्लिपपेक्षा ५ फ्रेम पुढे सरकवा. कीफ्रेम क्लिपसोबतच सरकतात. टाइमलाइनवर आता जिन्याच्या पायऱ्यांसारखा आकार दिसेल. सगळ्या क्लिपची शेपटी मात्र एकाच ठिकाणी संपवा.

हिशोब असा होतो. अकरावा तुकडा ५० व्या फ्रेमला निघतो आणि ६२ व्या फ्रेमला बसतो. इथे थांबा. बाराव्या तुकड्याला लगेच आणू नका. साधारण अर्धा सेकंद, म्हणजे १५ फ्रेम, ती एक जागा रिकामीच राहू द्या. मग शेवटचा तुकडा ७७ व्या फ्रेमला निघतो आणि ८९ व्या फ्रेमला बसतो. एकूण वेळ जवळपास ३ सेकंद.

तो अर्धा सेकंदच या इफेक्टचा जीव आहे. सगळं चित्र जुळलंय, फक्त चेहऱ्याच्या जागी रिकामी चौकट आहे. बघणारा श्वास रोखतो तो तिथे. तयार टेम्प्लेटमध्ये हा थांबा बहुधा मिळत नाही, कारण तुमच्या फोटोत महत्त्वाचं काय आहे हे टेम्प्लेटला माहीत नसतं.

तुकड्यांचा क्रमही सरळ रांगेत नको. खरं पझल जुळवताना माणूस आधी कोपरे आणि कडा शोधतो, मग आत येतो. तोच क्रम ठेवा.

पायरी ७ : वेग आणि आवाज

सुरुवातीला तुकड्यांची चाल यंत्रासारखी वाटेल. निघाल्यापासून बसेपर्यंत वेग एकसारखा आणि मग एकदम ब्रेक.

कॅरमची सोंगटी आठवा. ती सुटते वेगात आणि पोहोचता पोहोचता मंदावते. तुकड्यालाही तसंच मंदावू द्या. पोहोचण्याच्या कीफ्रेमवर राइट क्लिक केल्यावर ‘ईझ’चे पर्याय मिळतात. किंवा ‘कर्व्ह’ उघडून शेवटाकडची रेषा सपाट करा.

आवाज हा अर्धा इफेक्ट आहे. तुकडा ज्या फ्रेमला बसतो त्याच फ्रेमवर ‘खट्’ आवाज ठेवा. एखाद-दुसऱ्या फ्रेमचा फरक कानाला चटकन कळत नाही, पण चार-पाच फ्रेम मागेपुढे झालं की सगळं खोटं वाटू लागतं.

हा आवाज कुठून डाउनलोड करायची गरज नाही. कॅरमची सोंगटी लाकडावर ठेवताना मोबाइलने रेकॉर्ड केलात तरी चालतो. शेवटच्या तुकड्याला थोडा भारी, खोल आवाज द्या.

चित्र पूर्ण झाल्यावर सर्वांत वरच्या ट्रॅकवर मूळ अखंड फोटो आणा आणि सुरुवातीला १० फ्रेमचं ‘क्रॉस डिझॉल्व्ह’ लावा. उरल्यासुरल्या बारीक रेषा विरघळून जातात. मग निदान दोन सेकंद काहीही हलवू नका. लोकांना फोटो बघू द्या.

तुकडे गोल फिरवायचे असतील तर?

पहिल्या प्रयत्नात तुकडे फिरवू नका, हा सर्वांत चांगला सल्ला. तरी फिरवायचेच असतील तर एक अडचण आधीच जाणून घ्या.

आपली प्रत्येक फाइल पूर्ण स्क्रीनच्या मापाची आहे. त्यामुळे फिरण्याचा बिंदू स्क्रीनच्या मध्यावर असतो, तुकड्याच्या मध्यावर नाही. कोपऱ्यातला तुकडा फिरवला की तो जागेवर न फिरता आकाशपाळण्यासारखा मोठा फेरा मारतो.

उपाय म्हणजे ‘अँकर पॉइंट’ तुकड्याच्या मध्यावर नेणे. वरच्या डाव्या तुकड्यासाठी रिझॉल्व्हमध्ये हे आकडे आडवे उणे ३६० आणि उभे अधिक ७२० येतात. त्याच्या खालच्या तुकड्यासाठी आडवा आकडा तोच, उभा २४०. बसण्याच्या कीफ्रेमवर फिरण्याचा कोन शून्य असायलाच हवा.

फोटोऐवजी व्हिडिओचे तुकडे करता येतात?

येतात आणि ते फारच छान दिसतं. प्रत्येक तुकड्यात नवरा-नवरी हसताहेत, अक्षता पडताहेत आणि सगळे तुकडे जुळल्यावर एकच दृश्य तयार होतं.

तत्त्व तेच आहे. व्हिडिओच्या १२ प्रती आणि पीएनजी तुकडे त्यांच्या खिडक्या. ॲडोबी प्रीमियर प्रोमध्ये यासाठी ‘ट्रॅक मॅट की’ हा इफेक्ट आहे. आधी व्हिडिओ आणि त्याची खिडकी ‘नेस्ट’ करून एक क्लिप बनवा आणि मग ती क्लिप हलवा. तसं न करता नुसता व्हिडिओ हलवला तर खिडकी जागच्या जागी राहू शकते आणि आतलं दृश्य सरकतं.

व्हिडिओच्या बाराही प्रती मूळ वेळेशी जुळलेल्या असायला हव्यात. जिना करताना त्या पुढेमागे झाल्या तर एका तुकड्यात हात वर असेल आणि शेजारच्या तुकड्यात खाली. त्यामुळे व्हिडिओच्या बाबतीत क्लिप न सरकवता फक्त कीफ्रेम सरकवा.

एका क्लिकमध्ये होत नाही का?

ॲडोबी आफ्टर इफेक्ट्समध्ये होतं, जवळजवळ. त्यातल्या ‘शॅटर’ नावाच्या इफेक्टमध्ये चित्र फोडण्याचे विटा, काच असे अनेक नमुने मिळतात. त्यांत ‘पझल’ही आहे.

शॅटरचं मूळ काम मात्र चित्र फोडणं हे आहे, जोडणं नाही. त्यामुळे आधी चित्र विखुरतं असं ॲनिमेशन करायचं, ते ‘प्रीकंपोज’ करायचं आणि मग उलटं चालवायचं. विखुरणं उलटं फिरवलं की जुळणं दिसतं.

इफेक्ट लावल्यावर स्क्रीनवर नुसत्या जाळीच्या रेषा दिसल्या तर घाबरू नका. ‘व्ह्यू’मध्ये ‘रेंडर्ड’ निवडलं की फोटो दिसतो. तुकडे खाली कोसळतात ते त्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या सेटिंगमुळे. ते कमी-जास्त करता येतं.

वेळ वाचतो, शेकडो तुकडेही सहज होतात. पण तुकडे कसे उडतील हे बळाचं गणित ठरवतं. एक ठरावीक तुकडा सर्वांत शेवटी आणायचा तर पुन्हा वेगळी खटपट करावी लागते. गर्दीचा, भव्य दृश्याचा फोटो असेल तर शॅटर घ्या. एका चेहऱ्याची गोष्ट असेल तर हाताने केलेले १२ तुकडे बरे.

मोबाइलवरही हीच पद्धत चालते. ज्या ॲपमध्ये पीएनजी लेअर आणि कीफ्रेम या दोन सोयी आहेत, ते पुरेसं आहे. फक्त छोट्या स्क्रीनवर १२ लेअर सांभाळणं कठीण जातं, म्हणून ४ किंवा ६ तुकडेच करा. बघणाऱ्याला फारसा फरक पडत नाही.

कुठे जपून वापराल?

पझलचा तुकडा म्हणजे नुसतं डिझाइन नसतं. ‘काहीतरी अपूर्ण आहे, हरवलंय’ असा त्याचा अर्थ बघणाऱ्यापर्यंत पोहोचतो. म्हणूनच काही ठिकाणी तो बोचतो.

ऑटिझम हे त्याचं ठळक उदाहरण. १९६३ मध्ये ब्रिटनमधल्या पालकांच्या संस्थेने पझलचा तुकडा हे ऑटिझमचं चिन्ह म्हणून स्वीकारलं आणि ते जगभर पसरलं. पण अनेक ऑटिस्टिक व्यक्तींचा त्याला विरोध आहे. आम्ही अपूर्ण नाही, सोडवायचं कोडंही नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. ‘ऑटिझम’ याच नावाच्या संशोधन पत्रिकेने २०१८ मध्ये आपल्या मुखपृष्ठावरून हा तुकडा काढून टाकला. २ एप्रिलला ऑटिझम जागरूकता दिनाचा व्हिडिओ करणार असाल तर हा इफेक्ट टाळलेला बरा. त्याऐवजी अनेक जण इंद्रधनुषी रंगांचं अनंत चिन्ह वापरतात.

दुसरी जागा नकाशाची. १ मे रोजी महाराष्ट्राचे ३६ जिल्हे एकेक करून जुळतात, ही कल्पना सुंदर आहे आणि स्पिल्सबरी यांच्या मूळ खेळाच्या सर्वांत जवळचीही. इथे चौकोनी रेषांऐवजी जिल्ह्यांच्या सीमाच तुकड्यांच्या कडा होतात. मात्र देशाचा नकाशा वापरताना तो इंटरनेटवरून कुठूनही उचलू नका. भारताच्या सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच दाखवाव्या लागतात. चुकीचा नकाशा प्रसिद्ध करणं कायद्याने गुन्हा ठरू शकतं.

तिसरी जागा घरातलीच आहे. गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ व्हिडिओ करताना त्याचा तुकडा शेवटी आणावा, की ती जागा रिकामीच ठेवावी? दोन्हीचे अर्थ वेगळे. पहिल्यात तो माणूस पुन्हा घरच्यांत येऊन बसतो. दुसऱ्यात त्याची उणीव दिसत राहते. व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकण्याआधी घरातल्या कुणाला तरी दाखवा आणि मगच ठरवा. श्रद्धांजलीच्या व्हिडिओत ‘खट्’ असा आवाज नको आणि वेगही निम्म्यावर आणा.

थोडक्यात लक्षात ठेवायचं काय?

– फोटो कापायचा नसतो. पूर्ण फोटोच्या प्रती आणि प्रत्येकीवर एक खिडकी.

– जुळलेलं चित्र आधी, विखुरणं नंतर.

– मास्क करताना निवड १-२ पिक्सेलने वाढवा, म्हणजे फटी दिसणार नाहीत.

– पीएनजी वापरा आणि नावात ओळीने आकडे टाळा.

– शेवटच्या तुकड्याआधी अर्धा सेकंद थांबा.

पहिल्यांदा करताना तास-दीड तास सहज जाईल आणि त्यातला बराच वेळ त्या बारा खिडक्यांत जाईल. पण ती फाइल जपून ठेवा. रेषांचा तोच लेअर पुढच्या वाढदिवसाला, पुढच्या बारशाला पुन्हा कामी येतो. बदलायचा असतो फक्त फोटो आणि शेवटी कोणाचा तुकडा येणार, हा निर्णय.